बातालनंतरचं पान

इब्राहिमचाचा बाइंडर यांचं माझ्यावर जेवढं ऋण आहे, तेवढं दुसऱ्या कोणाचं नाही. आई-आबांनी वाढवलं, शाळेत घातलं, ते वेगळं. पण पुस्तक हातात धरायला मला चाचांनी शिकवलं. यंदा मी आणि माझा धाकटा भाऊ सुनील जीप घेऊन हिमाचलातल्या स्पितीच्या खोऱ्यात जाऊन आलो. ते सगळं लिहायला बसलो तेव्हा आधी चाचांना विचारलं, कारण त्यात त्यांची एक चूक येते आणि माझी एक. ते म्हणाले, "लिही. दोन्ही लिही. माझी तेवढी गाळशील, तर तुझीही कोणी खरी मानणार नाही."

जुनं नाशिक

आमचं गाव गिरणारेच्या पुढे. घरची शेती फुलांची, झेंडू आणि शेवंती. आई पहाटे फुलांच्या पाट्या घेऊन पंचवटीत यायची. आमच्या घरात छापील कागद म्हणजे रेशनकार्ड, सातबारा आणि कॅलेंडर. कागदाला पाय लागला तर आई तो उचलून कपाळाला लावायची, मग तो खताच्या पिशवीवरचा का असेना. छापलेलं ते खरं, हे मी कोणी न सांगता शिकलो.

पदवीला आलो तेव्हा पंचवटीत खोली घेऊन राहत होतो. कॉलेजची प्रयोगवही बांधून घ्यायला पूल ओलांडून जुन्या नाशकातल्या एका बोळात गेलो आणि चाचांच्या दुकानाशी उभा राहिलो. आत खळीचा आंबूस वास. चाचा मांडी घालून एक जाड पुस्तक शिवत होते. त्याचे काही फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, अजून सुटे पडले होते. वरचा फर्मा विजेच्या मोटारीवरचा होता. मी उभ्या उभ्या वाचायला लागलो. चाचांनी मान वर न करता बाजूचं पोतं माझ्याकडे सरकवलं.

"बस. शिवून होईपर्यंत वाच. शिवलं का मग पुस्तक मालकाचं."

पुढची चार वर्षं मी त्या पोत्यावर बसलो. ज्या पुस्तकांना हात लावायची माझी ऐपत नव्हती, ती सगळी मी सुटी सुटी वाचली. कधी सुरुवातच नसायची, कधी शेवट शिवला गेलेला असायचा. कायदा वाचला, औषधं वाचली, उर्दू शायरीची पानं नुसती पाहिली. चाचा शिवण्याआधी प्रत्येक फर्म्याच्या घडीतला बारीक आकडा बघायचे, ओठ हलवत मोजायचे, आणि सगळं मोजून झालं की पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. एकदा एका वकिलाच्या पुस्तकात दोन फर्मे मागेपुढे झाले होते. गिऱ्हाइकाला ते कळलंही नसतं. चाचांनी कापड चढवलेलं, वाळलेलं पुस्तक ब्लेडने उसवलं आणि दुपारचं जेवण सोडून पुन्हा शिवलं.

तिथेच मला ते पुस्तक भेटलं. हिमालयातल्या रस्त्यांची इंग्रजी मार्गदर्शिका. एक निवृत्त गृहस्थ ती बांधायला टाकून गेले आणि परत आलेच नाहीत. एकेका किलोमीटरला काय आहे ते तिच्यात लिहिलेलं: इथे डाव्या हाताला झरा, इथे पूल, इथे चहा मिळेल, इथे थांबू नये, वरून दगड येतात. मी शब्दकोश मांडीवर घेऊन ती वाचली. माझं इंग्रजी बरंचसं त्या झऱ्यांवर आणि पुलांवर झालं. ओझरला कारखान्यात तपासणी विभागात नोकरी लागली, तेव्हा पेढे घेऊन गेलो. चाचांनी वर्तमानपत्रात बांधलेला तो सुटा गठ्ठा काढून मला दिला. "मालक आता येत नाही. तू घे. जाशील तेव्हा आण, शिवून देईन."

जायला सतरा वर्षं लागली. नोकरी, लग्न, आबांचं आजारपण, मुलं. यंदा सुनील म्हणाला, "दादा, ते गाठोडं तरी सोड, नायतर मीच जातो." सुनील दहावीनंतर शिकला नाही. शेती बघतो आणि गावची फुलं-भाजी गाडीने बाजारात पोचवतो. तो गाडी चालवतो तशी मी चालवलेली पाहिली नाही.

गठ्ठा घेऊन चाचांकडे गेलो. दुकान आता त्यांचा मुलगा सलीम बघतो. पुढे झेरॉक्स आणि स्पायरलची यंत्रं, मागच्या खोलीत चाचांची बैठक. सलीमने मला हळूच सांगितलं की अब्बांनी आता घरी बसावं असं त्याला वाटतं, पण ऐकत नाहीत. उलट एका वाचनालयाची दोनशे जुनी पुस्तकं त्यांनी स्वतः मागून घेतली आहेत, महिन्याभरात गठ्ठे येतील. चाचांनी आतून ऐकलं होतं. म्हणाले, "दोनशे पुस्तकं माझ्या हाताची झाली की मग बसवा कुठे बसवायचं ते."

माझ्या पुस्तकाची खालची कड ओलीने कुजली होती. चाचांनी ती चांगली बोटभर कापून काढली. कडेबरोबर पानांचे आकडेही गेले. हरकत नाही, मी म्हटलं. चार दिवसांनी पुस्तक हातात आलं. हिरवं कापड, सरळ कणा, घट्ट शिलाई. त्यांनी ते दोन्ही हातांनी दिलं. मी उघडून पाहिलं नाही. कारखान्यात मी प्रत्येक भाग मोजून घेतो, पण चाचांच्या हातचं पुस्तक तपासायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

किन्नौर

नाशिक ते सिमला या मोठ्या रस्त्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एवढंच की दुसऱ्या दिवसापासून सुनीलला भाकरी आठवायला लागली. आईने दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा तो गाडीत स्वतःच्या सीटखाली ठेवायचा, मला मोजून द्यायचा.

रामपूर सोडलं आणि सतलज बाजूला आली. आपली गोदावरी घाटावर माणसांच्या पायाशी येऊन उभी राहते. ही नदी कोणाकडे बघत नाही. खाली दरीत राखाडी पाणी आरडत जातं आणि डोंगरात कोरलेल्या अर्ध्या बोगद्यासारख्या रस्त्यावरून आपण. मी मांडीवर पुस्तक उघडलं आणि वाचून दाखवायला लागलो. पुढे तीन किलोमीटरवर लोखंडी पूल. तीन किलोमीटरवर पूल आला, लोखंडी नव्हे, सिमेंटचा. पुढे डाव्या हाताला अक्रोडाच्या झाडाखाली झरा. झाड नव्हतं, पण बुंधा होता आणि त्याच्या मागून पाणी येत होतं. मी गाडी थांबवायला लावली आणि ओंजळीने ते पाणी प्यायलो. पोत्यावर बसून शब्दकोशात ज्याचा अर्थ शोधला होता, तोच तो झरा. डोळ्यांत पाणी आलं ते मी तोंड धुऊन लपवलं.

"पुस्तकात तुझं नाव हाय का बघ," सुनील म्हणाला. "इथं दत्ता येईल आन रडंल, असं."

त्याची पद्धत वेगळी. कुठेही गाडी थांबवायची, काच खाली करायची आणि विचारायचं. त्याचं हिंदी निम्मं मराठी, पण त्याला सगळे उत्तर द्यायचे. मी त्याला म्हणायचो, अरे पुस्तकात आहे सगळं. तो म्हणायचा, पुस्तक आज सकाळी या रस्त्यानं आलं होतं का?

नाको आणि ताबो

नाकोला पोचेपर्यंत झाडं संपली. डोंगर उघडे, मातीच्या आणि गंजाच्या रंगाचे, आणि मध्येच रुमालाएवढा हिरवा तुकडा, तेच गाव. घराच्या छपरांवर लाकूड आणि गवत रचून ठेवलेलं, हिवाळ्यासाठी. आपल्याकडे छपरावर पापड-कुरडया वाळतात. इथे सहा महिन्यांची बेगमी.

ज्या घरी उतरलो तिथल्या बाई सकाळी फावडं घेऊन वाटाण्याच्या शेताला पाणी भरायला निघाल्या होत्या. वितळलेल्या बर्फाचं पाणी एका अरुंद पाटाने येतं आणि ते पाळीपाळीने घ्यायचं. सुनीलने हे ऐकलं आणि तो चपला काढून त्यांच्याबरोबर गेला. तासाभराने गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आला. तिथेही पाळीवरून भांडणं होतात, तिथेही वरचा शेतकरी खालच्याचं पाणी चोरून फोडतो, असं त्याने मोठ्या आनंदाने सांगितलं. "आपल्यासारखीच माणसं, दादा. फक्त नाकं गार." बाईंनी सातूचं पीठ लोणी-मिठाच्या चहात कालवून दिलं. मला ते गिळवेना. सुनीलने त्यात आईची चटणी घातली आणि बाईंनाही दिली. त्यांनी चटणी चाखली, पाणी मागितलं आणि पुन्हा चटणी मागितली.

ताबोच्या मठात मी फार वेळ थांबलो. भिंतींवरची चित्रं सगळे बघतात. मी तिथल्या पोथ्या बघत बसलो. त्या शिवलेल्या नसतात. लांबट सुटी पानं दोन फळ्यांमध्ये ठेवून कापडात गुंडाळतात. एक मध्यमवयीन भिक्खू उन्हात बसून एक पोथी लावत होते. पान उचलायचं, कडेचा आकडा बघायचा, पालथं ठेवायचं. मी त्यांना माझं हिरवं पुस्तक दाखवलं आणि हे माझ्या चाचांनी बांधलं, असं सांगितलं. त्यांनी ते उलटं-सुलटं करून पाहिलं, कण्यावरून अंगठा फिरवला आणि हिंदीत म्हणाले की हात चांगला आहे. मला माझंच कौतुक झाल्यासारखं वाटलं. त्या मठाच्या आवारात मला पुन्हा खळीचा वास आल्यासारखं झालं, खरं तर तो जर्दाळू वाळत घातल्याचा वास होता.

काझा ते बाताल

काझाला टाकी भरली. पुढे मनालीपर्यंत पंप नाही. इथून पुढचा रस्ता मी शंभरदा वाचलेला होता. लोसर हे शेवटचं गाव, मग कुंझुम खिंड, मग उतरून बाताल, तिथे चहाची टपरी आणि चंद्रा नदीवरचा पूल. पुस्तकात हा रस्ता दोनदा दिलेला आहे. एकदा काझाहून मनालीला जाणाऱ्यांसाठी आणि एकदा मनालीहून काझाला येणाऱ्यांसाठी. आम्ही पहिल्या प्रकारचे.

लोसरला वाटाण्याची पोती रस्त्याकडेला लावलेली होती. सुनील तिथे रमला. पोतं किती किलोचं, मनालीपर्यंत किती वाटाणा गरम होऊन पिवळा पडतो, वरून बर्फ टाकता का. आपल्याकडे टोमॅटोचे क्रेट कसे लावतात ते त्याने जमिनीवर दगड मांडून दाखवलं. त्यात दीड तास गेला. मीही घाई केली नाही.

कुंझुमला देवीचं छोटं मंदिर आहे. प्रत्येक गाडी त्याला फेरी घालून पुढे जाते. गाडीनेच प्रदक्षिणा, उतरायचंही नाही. सुनीलने तीन घातल्या. समोर बर्फाचे सुळके आणि पताकांचा फडफडाट. मी पुस्तक छातीशी धरून फोटो काढून घेतला, चाचांना दाखवायला.

बातालला उतरलो तेव्हा दुपारचे अडीच झाले होते. दगड रचून केलेली टपरी, वर ताडपत्री. टपरी चालवणाऱ्या बाई साठीच्या असतील, डोक्याला लाल रुमाल. सुनीलने सवयीने विचारलं, पुढे रस्ता कसा आहे. बाई भांडी विसळत म्हणाल्या, "अब मत जाओ. ऊपर धूप है, नाला भर गया होगा. सुबह छह बजे जाना."

मी पुस्तक उघडलं. बातालची नोंद पानाच्या शेवटी होती: टपरी, पूल. पान उलटलं. पुढच्या पानावर पहिलीच ओळ होती, "यापुढे बारा किलोमीटर रस्ता कोरडा आहे. कोठेही पाणी ओलांडावे लागत नाही. दुपारनंतरही निर्धास्त जावे." एवढं वाचून मी पुस्तक मिटलं. आणखी चार ओळी वाचल्या असत्या तर सगळं उघडं पडलं असतं. पण मला हवं ते मिळालं होतं.

मी सुनीलला म्हटलं, चल. तो म्हणाला, "बाई नाय म्हणतीये." मी म्हटलं, त्यांना मुक्कामाची गिऱ्हाइकं हवीत. हे वाक्य मी बोललो, हे लिहितानाही लाज वाटते. आयुष्यभर ज्या आईने बाजारात बसून फुलं विकली, तिच्याबद्दल असं कोणी बोललं असतं तर मी भांडलो असतो.

नाला

तीन-साडेतीन किलोमीटरवर नाला आला. रस्ता नव्हताच, डोंगरावरून येणारं तपकिरी पाणी रस्त्याच्या जागेवरून दरीत पडत होतं. आत दगड गडगडल्याचा आवाज येत होता. सुनील खाली उतरला, एक धोंडा टाकून पाहिला, पँट वर करून दोन पावलं गेला आणि परत आला.

"लय पाणी हाय दादा. परत फिरू."

मी म्हटलं, पुस्तकात इथे नालाच नाही. म्हणजे हे आजचंच काहीतरी आहे, उथळ असेल. तो गाडीत येऊन बसला. मग म्हणाला, "तू म्हणतो तर घालतो." लहानपणापासून तो हेच म्हणत आला आहे. मी शिकलेला, मी मोठा.

मध्यावर पुढचं चाक दगडात बसलं आणि इंजिन बंद पडलं. पाणी दाराच्या फटीतून आत आलं, आधी घोट्याला, मग पोटरीला. मांडीवरचं पुस्तक घसरून खाली पाण्यात पडलं. सुनीलने मला खिडकीतून वर ढकललं आणि मग स्वतः आला. आम्ही जीपच्या टपावर बसून राहिलो. गाडी मध्येच हलायची, दरीच्या बाजूला एक वीत. मला त्याच्या दोन मुली दिसत होत्या. मी त्याचा शर्ट मागून मुठीत धरून ठेवला होता, जसं काही तेवढ्याने तो वाचणार होता.

तासाभराने समोरून एक रिकामा ट्रक आला, लोसरला वाटाणा भरायला निघालेला. ड्रायव्हर पलीकडच्या लाहौल खोऱ्यातला, वयस्क. त्याने लांबूनच हाताने बसून राहा अशी खूण केली. पाण्याचा अंदाज घेतला, ट्रक आमच्या वरच्या अंगाने काढून बातालच्या काठावर नेला आणि साखळी टाकून जीप मागे ओढून घेतली. काठावर आल्यावर मी गाडीच्या तळातून पुस्तक उचललं. ड्रायव्हरने आम्हाला न्याहाळलं.

"इस वक्त कौन भेजा आपको?"

सुनीलने माझ्या हातातल्या ओल्या पुस्तकाकडे बोट केलं. ड्रायव्हर हसला नाही. म्हणाला, गेल्या साली इथून एक गाडी गेली. गेली म्हणजे खाली.

साखळीनेच त्याने आम्हाला बातालपर्यंत नेलं. टपरीवाल्या बाईंनी चूल मोठी केली. आमचे बूट घेऊन चुलीजवळ ठेवले आणि राजमा-भात वाढला. मी त्यांची माफी मागितली. त्यांना मी कशाची मागतोय ते कळलं नसावं. आणखी भात वाढला.

दोन फर्मे

ऊन जायला अजून तासभर होता. मी टपरीच्या दगडी भिंतीवर पुस्तक उघडं ठेवून एकेक पान सोडवायला लागलो. खळ भिजल्याने कणा सैल झाला होता आणि घड्या दिसत होत्या. बातालनंतरचं ते पान आता मी नीट वाचलं. कोरडे बारा किलोमीटर, आणि मग, "चढ संपताच खिंड. उजव्या हाताला देवीचे मंदिर." म्हणजे ज्या खिंडीतून आम्ही उतरून आलो होतो, तीच. ते पान मनालीहून येणाऱ्यांसाठी होतं. आमचं पान बरंच मागे सापडलं. त्यात होतं, "बातालनंतर चार नाले. ऊन चढण्याआधी ओलांडावेत. दुपारनंतर जाऊ नये."

मी घडीतला आकडा बघितला. सातव्या फर्म्याच्या जागी नववा, नवव्याच्या जागी सातवा.

मग एकेक आठवत गेलं. सुई ओवायला चाचांनी नातीला हाक मारली होती. कापडाचा रंग कुठला आहे, असं मलाच विचारलं होतं, आणि मला वाटलं माझी आवड विचारताहेत. चहा ओतताना एक बोट पेल्याच्या आत धरलं होतं. त्यांना दिसत नव्हतं, आणि ते कोणाला कळू नये म्हणून ते किती शिताफीने वागत होते, ते मला आत्ता तिथे कळलं.

सुनील शेजारी येऊन बसला. मी त्याला आकडे दाखवले. त्याने दोन्ही घड्या पाहिल्या आणि म्हणाला, "नको सांगू त्यांना."

मी म्हटलं, सांगायलाच हवं. वाचनालयाची दोनशे पुस्तकं येताहेत. जुनी, कडा कापाव्या लागतील अशी. एकदा चुकीची शिवली की कोणाला कळणारही नाही, वर्षानुवर्षं तशीच राहतील.

"पुस्तकंच ती. माणसापेक्षा मोठी हायेत का?" तो म्हणाला. "आबांचं आठव. हात थरथरतो म्हणून आपण त्यांना खुडणीला येऊ नका म्हणलो. आपल्याला वाटलं, आराम. दुसऱ्या दसऱ्याला आबा नव्हते. सलीमभाईला एवढंच कारण पायजे. तू सांगशील, आन ते त्यांना उचलून घरी बसवतील."

आबांना खुडणीला येऊ नका असं म्हणणारा मीच होतो. सुनील नव्हता. आजवर त्याने हे कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि आताही त्याने "आपण" असाच शब्द वापरला.

मी म्हटलं की पुस्तक बंद करून कपाटात ठेवलं तर चाचांच्या समोर मी पुन्हा बसूच शकणार नाही. ते विचारतील, पुस्तक कसं चाललं? तेव्हा काय सांगू?

"चांगलं चाललं म्हण."

"त्यांनी वकिलाचं पुस्तक उसवलं होतं, सुनील. वकिलाला कळलंही नसतं."

तो उठला. भिजलेलं इंजिन वाळवायला जीपचं बॉनेट उघडायला निघाला. जाताना म्हणाला, "सांग. पण असं सांग की त्यांच्या एकट्याच्याच कानावर जाईल."

मनाली

सकाळी सहाला नाला घोट्याएवढा होता. पाणी स्वच्छ, तळाचे दगड दिसत होते. सुनीलने जीप अशी काढली की जणू आदल्या दिवशी इथे काही घडलंच नव्हतं. पुढचे तीन नालेही तसेच. मी वाचलं काहीच नाही. छत्रूचा थांबा, मग वळणं, मग हळूहळू गवत, मग झाडं. इतक्या दिवसांनी देवदार पाहून सुनील म्हणाला, सावलीत बसू जरा, आणि आम्ही काही न खाता-पिता नुसते सावलीत बसलो. त्या खोऱ्यातली कोरडी उन्हं, ते पाटाचं पाणी, चटणी मागणाऱ्या बाई, सगळं तेव्हाच लांबचं वाटायला लागलं होतं. पोत्यावर बसून वाचलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं आता मला वेगळं करता येत नाही.

मनालीत फोनला रेंज आली. दुकानातला फोन सलीम उचलतो आणि चाचांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकतो. गिऱ्हाइकं ऐकणार, सलीम ऐकणार. त्याच दिवशी सलीमचा निरोप आलेला होता, वाचनालयाचे गठ्ठे या शुक्रवारीच येणार. आम्ही रविवारच्या आत पोचणार नव्हतो.

बाजारातून जाड काळा स्केचपेन आणि मोठ्या कागदांची वही घेतली. अक्षर बोटभर उंचीचं काढलं. उन्हात धरलं तर चाचांना स्वतःला वाचता येईल, एवढं. एका कागदावर पाच-सहा ओळीच मावत होत्या, त्यामुळे शब्द तोलून लिहावे लागले. सुनीलला वाचून दाखवलं. त्याने एक ओळ घालायला लावली, आबांची. मग स्पीड पोस्टाने चाचांच्या नावावर पाठवलं. ते पत्र असं:

चाचा, सलाम.

हे पत्र एकट्याने वाचा. गच्चीत उन्हात बसून वाचा. कोणाला वाचायला देऊ नका.

तुमचं पुस्तक घेऊन मी झऱ्याचं पाणी प्यायलो. स्पिती पाहिली. बर्फ पाहिला. आम्ही दोघे भाऊ सुखरूप आहोत.

पुस्तकात सातवा आणि नववा फर्मा एकमेकांच्या जागी शिवले गेले आहेत. त्यामुळे एका ठिकाणी चुकीचं पान वाचून आम्ही पाण्यात अडकलो. तिथल्या बाई जाऊ नका म्हणाल्या होत्या, मी ऐकलं नाही. ती चूक माझी. फर्म्यांची चूक तुमच्या हाताची नाही, हात तसाच आहे. डोळ्यांची आहे.

तुम्हाला दिसत नाही, हे मला कळायला हवं होतं. मी समोर बसलो होतो.

मोतीबिंदू असेल तर तो काढता येतो. मी रजा टाकून तुम्हाला डॉक्टरांकडे नेतो. सलीमला मी काही सांगितलेलं नाही, सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आमच्या आबांना मी एकदा काम बंद करा म्हटलं होतं. ते मी पुन्हा कोणाला म्हणणार नाही. तुम्ही काम बंद करू नका.

फक्त वाचनालयाच्या पुस्तकांना मी येईपर्यंत सुई लावू नका. आकडे मी बघतो, शिवा तुम्ही. दोनशे होईपर्यंत दर रविवारी येईन.

रागवायचं असेल तर समोर रागवा. या रविवारी दहा वाजता येतो.

तुमचा,
दत्ता